निवृत्त सभासद, वर्गणी रुपये दहा

निरोपाला त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं,
वेळेवर कुठं पोचायचं उरलं नव्हतं तेव्हा.
शाल, नारळ, फोटो.
साहेब म्हणाले, झांबरे, आता आराम करा.
युनियनच्या रजिस्टरात कुणीतरी पट्टी धरून
माझ्या नावावर लाल रेघ ओढली.
सरळ ओढली. छत्तीस वर्षं फिटर होतो,
वाकडी असती तर मीच पुसायला लावली असती.

मग चार उन्हाळे.
भुसावळचा उन्हाळा रिकाम्या माणसाला लांब पडतो.
दूध, पेपर, पेपरातले काळ्या चौकटीतले ओळखीचे चेहरे.
शेडचा भोंगा झाला की हात अजून डबा शोधायचा
आणि सून विचारायची, बाबा, काय हवंय?

पाचव्या वैशाखात, भर तीनला, दारात एक पोरगी.
डोक्याला ओढणी, बोटांना फिनेलचा वास.
हर्षाली सपकाळे.
गाडीचे डबे धुणाऱ्या कंत्राटी बायांची सेक्रेटरी.
मी पाकीट काढू लागलो.
म्हणाली, देणगी नको काका. तुमची पेटी दाखवा.

पेटी पलंगाखाली होती, पत्र्याची.
कार्बनच्या प्रती, गंजक्या टाचण्या,
एका संपाची हजेरी: कोण आलं, कोण नाही,
आणि न आलेल्यांतल्या कुणाकुणाच्या घरी
आम्ही तरी ज्वारी पोचवली.
तिला ते काही नको होतं.
तिला एक करार हवा होता. पिटलाईनवर पिण्याचं पाणी,
सावली, हातमोजे. कलम चार:
‘तेथे जो कोणी काम करील त्यास.’

‘जो कोणी’ हे तायडेनं भांडून घातलेलं.
आम्ही हसलो होतो. अरे, आपल्याशिवाय
कोण येणार आहे इथं काम करायला?
मग कंत्राट आलं,
आणि आम्ही सही केली नाही, विरोधही केला नाही.
आमच्या पगाराला धक्का नव्हता.

हे मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं, की हवं होतं,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
ती पाणी प्यायली.
पावतीपुस्तक काढलं, ‘कायम’वर काट मारली,
वर बारीक अक्षरात लिहिलं: निवृत्त.
दहा रुपये, म्हणाली. आणि सोमवारी गेटवर या.
आमच्यातली एक बोलली की दुसऱ्या दिवशी तिचं नाव कमी.
तुम्हाला आता कुणी काढू शकत नाही.

रात्री कूलरच्या घरघरीत तेवढंच ऐकू येत राहिलं.
माझी बदली होत नाही.
मला चार्जशीट देता येत नाही.
घड्याळ देऊन झालंय.

सोमवारी इब्राहीम तडवी आला, यावलहून, एसटीनं.
‘गुडघा बसला त उठत नाही, उठला त बसत नाही,
म्हणून उभाच ऱ्हातो आज.’
तायडे नाही आता. त्याची कौसाबाई आली,
त्याचा चष्मा पिशवीत घेऊन. का, ते कुणी विचारलं नाही.

मला तीन मिनिटं दिली होती बोलायला.
मी एक्क्याऐंशीपासून सुरू केलं.
ब्याऐंशीत पोचलो तेव्हा हर्षालीनं सदरा ओढला.
उतरलो. राग आला, खरं सांगतो.
तिनं कलम चार वाचलं, फक्त कलम चार,
दोनदा,
आणि बाया अशा गप्प झाल्या
की मलाही ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं.

माठ आला. एकच. मोजे अजून नाहीत.
आता दर सोमवारी आम्ही म्हातारे पुढच्या रांगेत,
बाया मागं. तडवी बोर्ड धरतो,
मी नवी वही आखून हजेरी मांडतो.
ती मी घरी नेत नाही. जाताना तिच्याकडं देतो.

परवा कंत्राटदाराचा पोरगा आला, गॉगल वगैरे.
बाबा, तुमचा काय संबंध इथं?

खिशातून पावती काढली. चार घड्या पडल्यात तिला,
घामानं शाई जरा फुटलीय.
म्हटलं, वाच.
ऊन आहे, गॉगल काढून वाच.